यादीतलं मास्तरचं नाव

तिला सगळे वहिनी म्हणत. गिऱ्हाईकं, समोरचा चष्मेवाला, कुरिअर घेऊन येणारा, बटणांच्या दुकानातली म्हातारी, सगळेच. खरं तर ती वहिनी एकाच माणसाची, तिच्या धाकट्या नणंदेची. पण नणंद दिवसातून शंभर वेळा 'वहिनी, दोरा बदल', 'वहिनी, इस्त्री तापली का' अशा हाका मारायची, त्यामुळे दुकानात आलेल्याच्या कानावर दुसरं नाव पडायचंच नाही. नणंदेला सगळे मास्तर म्हणत. कापड कापेल तो मास्तर, मग ती बाई का असेना. वहिनीसुद्धा तिला मास्तरच म्हणायची आणि वर अगं-तुगं करायची.

वहिनीच्या लग्नाला तीन वर्षं झाली असताना तिचा नवरा एका सकाळी बॅग भरून निघाला. दुसऱ्या बाईकडे राहायला चालला होता आणि ते त्यानं लपवलंही नाही. जाताना दारात उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीला म्हणाला, "तू तरी माझ्या बाजूची आहेस ना?"

ती म्हणाली, "मी शिलाईच्या बाजूची. हिचा हात चांगला आहे."

तो गेला आणि त्याची बहीण राहिली. पुढे कोणी खोदून विचारलंच, तर वहिनी सांगायची, "वाटणीत मला चांगला भाग आला."

पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर. मास्तर कापायची, वहिनी शिवायची. पहिली काही वर्षं शाळांचे गणवेश शिवले. मग एकदा एक वकील आले. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं खाली होता, जन्मापासूनच. तयार कोट अंगावर घातला की एका बाजूनं खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. मास्तरनं त्यांना आरशाकडे पाठ करून उभं केलं, तासभर मापं घेतली, तीनदा ट्रायल घेतली. चौथ्या वेळी वकील आरशासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "मी सरळ दिसतोय."

तेव्हापासून दुकानात तशीच माणसं येऊ लागली. एक हात नसलेला किराणावाला, पाठीला बाक आलेली ग्रंथपाल, चाकाच्या खुर्चीत बसणारी एक मुलगी. त्या मुलीची पँट मागून उंच आणि पुढून खोल कापावी लागे, म्हणजे बसल्यावर पोटाला काचत नसे आणि पाठ उघडी पडत नसे. असल्या अंगांना घडी घालून दुहेरी कापड कापता येत नाही. डावं वेगळं, उजवं वेगळं. प्रत्येक तुकडा स्वतंत्र काढायचा. मास्तर ते करायची आणि करताना शीळ घालायची.

आणि ती माया भरपूर सोडायची. शिवणीच्या आत जास्तीचं कापड राहतं ती माया. इतर शिंपी अर्धा इंच सोडतात, मास्तर दीड इंच. "माणूस फुगतो, वाळतो, वाकतो," ती म्हणायची, "कपड्यानं त्याच्याबरोबर जायला नको?"

आधी हे सगळे पॅटर्न खाकी कागदाचे होते, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले. एका वर्षी ओल आली आणि निम्मे कागद बुरशीनं खाल्ले. मास्तर दोन दिवस जेवली नाही. मग तिनं पन्नाशीच्या तोंडावर कॉम्प्युटरवर पॅटर्न काढायला शिकून घेतलं, आणि एका नेटवर्कवाल्याला बोलावून घरात एक ड्राइव्ह बसवून घेतला. बुटांच्या खोक्याएवढी काळी पेटी, दोऱ्याच्या रिळांच्या वरच्या फळीवर. तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक फोल्डर. दोघी तिला पेटीच म्हणत. पेटी मास्तरची. वहिनी फक्त फाईल उघडून मोठ्या प्रिंटरवर कागद काढायची, बाकी तिकडे फिरकायची नाही.

त्या वर्षी थंडी पडायला लागली आणि मास्तरची थोरली बहीण न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. थोरली एकटी राहायची, बसनं चार तासांवर. मास्तरनं लॅपटॉप बॅगेत टाकला आणि म्हणाली, "दोन महिने. तिला चालती करते आणि येते. कटिंगचे पॅटर्न तिथून काढून पाठवत जाईन, तू इथं शिवत जा."

तिसऱ्या दिवशी फोन आला. "वहिनी, पेटी उघडत नाही. पोहोचता येत नाही म्हणतेय."

वहिनीनं नेटवर्कवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, मी आत्ता शिडीवर आहे, दोन दिवस यायला जमणार नाही. पण काम अवघड नाही. मी सांगतो, तुम्ही करा."

"मला मशीनमध्ये तेल घालण्यापलीकडे काही येत नाही हो."

"तेवढं येतं म्हणजे झालं. ऐका. पेटीला फायरवॉल आहे. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही ते तो ठरवतो. घरातला कॉम्प्युटर सोडून दुसऱ्या कोणाला घ्यायचं नाही असं मीच त्याला सांगून ठेवलंय, आणि तो बिचारा ऐकतोय. बाहेरून घरात यायचा कुलूपबंद रस्ता राउटरमध्ये तेव्हाच करून ठेवला होता. त्या रस्त्यानं मास्तर फाटकापर्यंत येतायत. फाटकावर अडतायत."

त्यानं एकेक करून सांगितलं. वहिनी पेटीच्या पानावर शिरली, पासवर्ड घातला, सुरक्षा, मग फायरवॉल, मग नियम. समोर एक यादी आली. दोनच ओळी. वरची घरच्या कॉम्प्युटरची, पुढे 'परवानगी'. खालची 'सर्व', पुढे 'नकार'.

"आता नवीन नियम. पत्त्याचे आकडे सांगतो, लिहून घ्या."

जवळ कागद नव्हता. वहिनीनं अस्तराच्या तुकड्यावर खडूनं लिहून घेतलं आणि छाती-कंबर-उंची वाचून दाखवतात तसं एका सुरात परत वाचून दाखवलं. नियमाला नाव द्या, असं एका चौकटीत आलं. तिनं लिहिलं, मास्तर. पुढे 'परवानगी' निवडलं. जतन करताना पडद्यावर इशारा आला, या बदलामुळे तुमचा संपर्क तुटू शकतो. वहिनीचा हात थांबला.

"असं काय लिहिलंय हो हे?"

"ते सगळ्यांनाच लिहितं. दाबा."

तिनं दाबलं. मास्तरला फोन केला. तरी उघडेना. पुन्हा नेटवर्कवाला. त्यानं विचारलं, "नवीन ओळ कुठे बसलीय? सगळ्यात खाली ना? तिथंच घोळ आहे. तो यादी वरून खाली वाचतो. जी ओळ आधी लागू पडली तिथं थांबतो. 'सर्वांना नकार' आधी वाचला, की मास्तरच्या नावापर्यंत तो येतच नाही. ओळ धरून वर न्या."

वहिनीनं ओळ धरली आणि टाचणी लावावी तशी दोन ओळींच्या मध्ये नेऊन बसवली. मग पुन्हा मास्तरला फोन लावला. पलीकडून तिचा आवाज आला.

"उघडलं गं. वकिलांचा कोट दिसतोय. सगळं दिसतंय." मग म्हणाली, "माझ्याच घरात शिरायला तुझी चिठ्ठी लागली, वहिनी."

"शिरलीस ना? आता पाय पुसून ये."

दोघी हसल्या. त्या दिवशी वहिनीला स्वतःचं फार कौतुक वाटलं. चष्मेवाल्यालाही तिनं जाऊन सांगितलं की मी फायरवॉल लावला.

पहिले तीन आठवडे सुतासारखे सरळ गेले. मास्तर तिथून पॅटर्न ठेवायची, वहिनी इथं छापून कापडावर मांडायची, कात्री चालवायची, शिवायची. मग वकिलांचा नवा काळा कोट आला. वहिनीनं कागद पसरले आणि तिला काहीतरी खटकलं. तिनं वकिलांचा जुना कोट डोळ्यांसमोर आणला. मग स्वतःचाच उजवा खांदा खाली करून पाहिला. कागदावर डावा खांदा चार बोटं खाली होता.

तिनं फोन हातात घेतला. थोरलीच्या ड्रेसिंगचा दिवस होता, मास्तरची झोप झाली नसेल, डावं-उजवं होतं माणसाचं. आपण सव्वीस वर्षांत एकदाही तिची चूक काढली नाही, कारण काढायला चूकच सापडली नव्हती. तिनं फोन ठेवला. फाईल उघडली, बराच वेळ इकडेतिकडे दाबून पाहिलं, आणि चित्र उलटं करायचं बटण सापडल्यावर सगळं उलटं करून जतन केलं. कोट छान बसला. संध्याकाळी मास्तरनं विचारलं, "कसा झाला?"

"तुझा कोट कधी वाईट होतो का?"

पुढच्या आठवड्यात ग्रंथपाल बाईंच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या होत्या. त्यानंतर किराणावाल्याच्या शर्टाला माया नव्हती. अर्धा इंचसुद्धा नाही, रेष अगदी अंगाच्या मापावर. तो कागद हातात घेऊन वहिनी स्टुलावर बसून राहिली. बाही चुकते, खांदा चुकतो. पण मास्तर माया सोडायला विसरते, हे तिला समजून घेता येईना.

तरी ती बोलली नाही. फोनवर मास्तरचा आवाज इतका खुशीत असायचा. "इथं बरं काम होतं गं," ती म्हणायची, "निवांत. गिऱ्हाइकाची कटकट नाही." वहिनीला वाटायचं, परत आली की होईल ठीक. थकवा आहे. डोळे तपासून घेऊ, चष्मा बदलू, समोरच तर दुकान आहे. दुपारी दोन तास दुकान बंद असायचं. त्या दोन तासांत ती जुनी फोल्डरं उघडून बसू लागली. मास्तरनं आधी खांदा कसा काढला होता, काखेजवळचा मुंढा किती खोल घेतला होता, बाहीची गोलाई कुठून उचलली होती, हे बघून बघून नवा पॅटर्न दुरुस्त करायची. सुरुवातीला एका पॅटर्नला आठवडा लागायचा. मग दोन दुपारी पुरू लागल्या. पन्नाशी उलटल्यावर ती कटिंग शिकली, चोरून, आणि जिच्याकडून शिकली तिला न सांगता.

दोन महिन्यांचे पाच झाले. थोरली काठी घेऊन चालू लागली, पण मास्तर यायचं नाव काढेना. आज पाऊस आहे, उद्या बसला गर्दी आहे, परवा थोरलीला बरं नाही. एकदा थोरलीच फोनवर हळू आवाजात म्हणाली, "तुझी मास्तर हल्ली स्वेटर उलटा घालते गं. सांगितलं की चिडते. काल दुकानातून येताना गल्ली चुकली, शेजारच्यांनी आणून सोडलं."

"मला का नाही सांगितलंत, ताई?"

"तिनं शपथ घातली होती."

तेव्हाच तिनं बस धरायला हवी होती, असं ती पुढे अनेकदा म्हणाली. पण त्या आठवड्यात खुर्चीवाल्या मुलीच्या दोन पँटी द्यायच्या होत्या. मुलीला नोकरी लागली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. वहिनीनं ठरवलं, हे झालं की जाते.

बुधवारी सकाळी अकराला फोन वाजला. वहिनीनं तो कानाशी धरला आणि पायानं मशीन चालूच ठेवलं.

"वहिनी, मशीन बंद कर."

तिनं बंद केलं.

"पेटीत प्रत्येक फाईलच्या पुढे लिहिलेलं असतं," मास्तर म्हणाली, "शेवटचा हात कोणी लावला, कधी लावला. मी मुलीचं कंबरेचं माप बघायला गेले होते. तिथं दुकानाच्या कॉम्प्युटरचं नाव. मग वकिलांचं बघितलं. मग सगळ्यांचं. या पाच महिन्यांत मी तेवीस कटिंग केली. त्यातल्या एकोणिसांवर तुझा हात."

"बारीकसारीक होतं गं. कापड कमी-जास्त असतं, तेवढंच…"

"थांब. पेटी जुनी प्रतही जपून ठेवते. मी दोन्ही उघडल्या. माझा कोट आणि तू बदललेला कोट, शेजारी शेजारी. तासभर बघत बसले." मास्तरचा आवाज अगदी साधा होता, गिऱ्हाइकाला ट्रायलची तारीख सांगावी तसा. "मला कळेना, वहिनी, कोणता बरोबर. दोन्ही सारखेच दिसत होते. तुझाच बरोबर असणार, कारण तू उगीच हात लावायची नाहीस. पण मला ते दिसत नव्हतं."

वहिनी रडायला लागली. पलीकडे मास्तर रडत नव्हती.

"स्वेटर घालता येत नव्हता," ती म्हणाली, "रस्ता सापडत नव्हता. दारातून जाताना चौकट खांद्याला लागायची. मी स्वतःला सांगत होते, यातलं काही नाही, वय झालं, दगदग झाली. कारण कटिंग जमतंय ना? डोकं ठिकाणावर नसतं तर वकिलांचा कोट बसला असता का? मुलीची पँट झाली असती का? रोज तेच धरून बसले होते. तू म्हणायचीस, छान बसला, आणि मी म्हणायचे, झालं तर मग. म्हणून डॉक्टरकडे गेले नाही. तुझ्यामुळे गेले नाही, वहिनी."

"मला वाटलं तुला वाईट वाटेल."

"वाटलं असतं. पण पाच महिन्यांपूर्वी वाटलं असतं."

त्याच दुपारी वहिनीनं शिवून झालेली एक पँट मुलीकडे पाठवली, दुकानाला कुलूप लावलं आणि बस धरली. दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरकडे गेल्या, मग मोठ्या डॉक्टरकडे, मग त्या लांबलचक बोगद्यासारख्या मशीनमध्ये मास्तरचं डोकं तपासून झालं. डॉक्टर बाई मऊ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मास्तरला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मास्तरनं गोल काढला, सुरेख, हातानं काढलाय असं वाटू नये इतका. आणि बाराही आकडे एका बाजूला कोंबले. कागदाकडे बघून म्हणाली, "झालं."

डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं. डोळे ठणठणीत आहेत, पण डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूत जुळून येत नाही. डावं-उजवं, पुढे-मागे, जवळ-लांब, हे सगळं हळूहळू सुटत जाणार. बोलणं, आठवण, माणसं ओळखणं बराच काळ राहील. औषध थोडंफार आहे, पण उतार पडेल असं नाही.

मास्तर बाहेर बाकावर गेल्यावर वहिनी मागे थांबली. तिनं विचारलं, "पाच महिने आधी आलो असतो तर?"

"फारसा फरक पडला नसता," डॉक्टर बाई म्हणाल्या.

वहिनीनं हे मास्तरला सांगितलं. मास्तर म्हणाली, "औषधाला पडला नसता. मला पडला असता. पाच महिने मला माहीत असतं. मी घरी आले असते. माझ्या टेबलावर, माझ्या हातानं, चुकत का होईना, तुला शिकवलं असतं सगळं."

तिनं मास्तरला घरी चल म्हणून नाना परीनं विनवलं. मास्तर तयार होईना. "त्या घरात माझं टेबल आहे," ती म्हणाली, "त्याच्याजवळून दिवसभर येऊ-जाऊ मी? नको. इथं मी थोरलीची बहीण आहे, तेवढं पुरे." आणि मग म्हणाली, "एक काम कर. त्या यादीतून माझं नाव काढ."

"राहू दे ना. कुठे खातंय ते? कधी बघावंसं वाटलं तर बघशील."

"बघावंसं वाटेलच. म्हणूनच सांगतेय. आत येता येतंय तोवर मी येणार, आणि आले की हात लावणार. आणि तू परत माझ्यामागून दुरुस्त करत बसणार, आणि मला छान म्हणणार. ते आता मला नको."

वहिनी परत आली. दोन दिवस तिनं टाळलं. शनिवारी सकाळी गिऱ्हाईक नव्हतं. ती पेटीच्या पानावर शिरली. सुरक्षा, फायरवॉल, नियम. तीन ओळी. मधली मास्तर. तिनं नेटवर्कवाल्याला फोन लावला.

"नाव काढायचंय. कसं काढतात?"

"कोणाचं? मास्तरचं? आल्या का त्या परत?"

"नाही," वहिनी म्हणाली, आणि सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पुसून टाकायची गरज नाही, वहिनी. ओळीच्या सुरुवातीला एक चौकट आहे, तिच्यात खूण असेल. ती खूण काढा. ओळ जागेवर राहील, फक्त चालणार नाही."

वहिनीनं मास्तरला फोन केला आणि कानाशी धरून ठेवला. "काढतेय," ती म्हणाली.

"काढ. मी इकडे लॅपटॉप उघडून बसलेय."

तिनं खूण काढली. जतन केलं. पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला, हळूहळू, चाचपडत. मग पुन्हा एकदा.

"नाही उघडत," मास्तर म्हणाली. "दोनदा बघितलं. नाहीच उघडत. छान केलंस गं. पहिल्याच झटक्यात जमलं तुला."

वहिनीनं कॉम्प्युटर बंद केला आणि तोंडावर पदर दाबून मागच्या खोलीत गेली. त्या दिवशी तिनं दुकान उघडलंच नाही.

पण मुलीची दुसरी पँट राहिली होती, किराणावाल्याचे शर्ट होते. सोमवारी तिनं मास्तरच्या टेबलावर कापड पसरलं आणि कात्री हातात घेतली. वर्षभरानं वकील पुन्हा कोट शिवायला आले. नवा कोट घालून आरशासमोर वळून वळून पाहिलं आणि म्हणाले, "मास्तरना सांगा, हात अजून तसाच आहे."

वहिनीच्या ओठांवर 'सांगते' आलं होतं. तिनं ते गिळलं. "हा माझा हात आहे, वकीलसाहेब," ती म्हणाली. "आणि आधीचा काळा कोट, तोही. मास्तरना आता जमत नाही." तिनं त्यांना काय झालंय ते सांगितलं. वकिलांनी कोट उतरवला, नीट घडी घातली, आणि निघताना दारात थांबून म्हणाले, "मग त्यांना सांगा, मी विचारलं होतं."

आता दर शनिवारी दुपारी वहिनी दुकान बंद करते आणि चार तासांची बस धरते. रविवारी मास्तरला अंघोळ घालते, केस विंचरते, नखं काढते. मास्तर गप्पा मारते, चेष्टा करते, सगळ्या गिऱ्हाइकांची विचारपूस करते. मुलीला नोकरीत बढती मिळाली का, ग्रंथपाल बाईंची पाठ कशी आहे, चष्मेवाला अजून तितकाच बोलतो का. कटिंगचं विचारत नाही. वहिनीनं एकदा तिच्यासाठी एक झगा शिवून नेला. पुढून-मागून सारखा, कसाही घातला तरी बरोबर, बटण नाही, नाडी नाही. मास्तरनं हातानं चाचपून पाहिला. शिवणींवरून बोटं फिरवली, गळा शोधला, दुसरा गळा शोधला. तिच्या लक्षात आलं.

"हा आजाऱ्याचा झगा आहे," ती म्हणाली.

"तुला सोपं पडेल म्हणून…"

"आहे चांगला. फार चांगला आहे. पण इतक्यात नको, वहिनी. अजून थोडे दिवस उलटाच स्वेटर घालू दे मला."

वहिनीनं झगा परत बॅगेत ठेवला.

रविवारी चारच्या बसनं ती परत निघते. थोरली काठी टेकत मास्तरचा हात धरून थांब्यापर्यंत येते. मागच्या रविवारी वहिनीला खिडकीची जागा मिळाली. तिनं खाली पाहिलं. मास्तर अगदी समोर उभी होती, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, आणि तिची नजर बसच्या पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत फिरत होती. वहिनीनं काचेवर बोटं वाजवली. मास्तरनं आवाजाच्या रोखानं मान वळवली, हसून हात वर केला आणि ड्रायव्हरच्या खिडकीकडे बघून हलवला. थोरली तिच्या कानाशी काहीतरी बोलली, तिची मान धरून वळवू लागली. वहिनीनं काच सरकवून हाक मारली, "मास्तर, इथं आहे मी." तेवढ्यात बस सुटली. मास्तर मागं हात हलवत राहिली, शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या बसकडे बघत.